अँपचा बेस नॉब खरखरतोय, बोर्ड बदलायचा का?

प्रश्न थोडक्यात असा: जुन्या ट्रान्झिस्टर गिटार अँपचा बेस नॉब फिरवला की खरखर येते. मध्यावर ‘ठक्’ होऊन आवाजच जातो, जरा पुढे नेलं की परत येतो. दुरुस्तीवाला अख्खा प्रिअँप बोर्ड (टोन-व्हॉल्यूमचं सर्किट असलेली पट्टी) बदला म्हणतोय आणि तुम्ही विचारताय की असा बोर्ड पुण्यात कुठे मिळेल.

बोर्ड शोधू नका. तुम्ही सांगितलेल्या लक्षणातच दोषाचा पत्ता आहे, आणि तो बहुतेक एका पॉटचा (नॉबमागच्या फिरत्या रेझिस्टरचा) किंवा एका कंडेन्सरचा आहे.

ट्रान्झिस्टर अँपमध्ये बेस-ट्रेबल बहुतेक वेळा बॅक्झांडल पद्धतीचे असतात (पीटर बॅक्झांडल यांनी १९५२ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये मांडलेली रचना). त्यात टोनचे पॉट ऑपअँपच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) फीडबॅकमध्येच, म्हणजे आउटपुटकडून इनपुटकडे परतणाऱ्या वाटेतच बसतात. ट्रेबलच्या वाटेवर कंडेन्सर असतो आणि तो डीसी, म्हणजे स्थिर व्होल्टेज, अडवतो, म्हणून ऑपअँपला डीसी फीडबॅक मिळतो तो फक्त बेसच्या पॉटमधून. बेसचा मधला संपर्क क्षणभर जरी ट्रॅकवरून उचलला गेला तरी ऑपअँपचा आउटपुट एका सप्लायला जाऊन चिकटतो. ±१५ व्होल्ट सप्लाय असेल तर साधारण १३ व्होल्टवर. तोच तुमचा ‘ठक्’. नॉब आवाज जातो त्या जागी ठेवा आणि ऑपअँप ४५५८ किंवा टीएल०७२ या नंबरचा असेल तर पिन १ आणि ७ वर डीसी मोजा. एकीवर १३ च्या आसपास दिसलं की विषय संपला.

पण लगेच पॉट बदलायला धावू नका. ‘खरखर म्हणजे पॉट खराब’ हे वाक्य दुकानादुकानांत इतकं मुरलंय की मोजायचे कष्ट कुणी घेत नाही. मागे एका ऑर्केस्ट्राचा की-बोर्ड अँप टेबलावर आला होता. बेसचा पॉट कोरा, सोल्डर अजून चकचकीत, आणि खरखर जशीच्या तशी. वर बी १००के च्या जागी ए १००के बसवलेला, म्हणजे लिनिअरच्या (सारख्या प्रमाणात बदलणाऱ्या) जागी लॉग. त्यामुळे नॉब बाराच्या काट्यावर ठेवूनही आवाज फ्लॅट नव्हता, सगळा फरक एका टोकाला गोळा झालेला. इनपुटला काही न लावता पॉटच्या कडेच्या पिनवर डीसी मोजला तर १.४ व्होल्ट. तिथे काही मिलिव्होल्टच असायला हवेत. मागच्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर ७ व्होल्ट होते आणि मधला १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर गळत होता, म्हणजे डीसी पुढे सोडत होता. तो एका गरम रेझिस्टरला टेकून बसवलेला, सुकणारच होता.

पॉटवर डीसी असला की नवाकोरा पॉटसुद्धा खरखरतो. संपर्क ट्रॅकवरून सरकताना त्याचा रोध सूक्ष्म प्रमाणात वरखाली होतोच. डीसी नसेल तर ते ऐकू येत नाही, असेल तर तोच बदल आवाज बनून बाहेर पडतो. बेस वाढवला की ऑपअँपच्या आउटपुटवरचा डीसी आणखी वाढतो, कारण डीसी म्हणजे सगळ्यात खालचा बेसच. त्या अँपला हवा होता तो एक कंडेन्सर, आणि बिल लागलं होतं पॉटचं. गणपतीच्या तोंडावर गर्दी असते तेव्हा मोजण्यापेक्षा बदलणं सोपं वाटतं हे मला कळतं, पण त्याला दुरुस्ती म्हणू नये.

तर तुमच्या अँपचं. व्हॉल्यूम शून्यावर, इनपुट मोकळं, नॉब ‘ठक्’च्या जागेपासून लांब. मीटर डीसीवर, काळा प्रोब ग्राउंडला, लाल आधी पॉटच्या एका कडेच्या पिनवर, मग दुसऱ्या. १०–२० मिलिव्होल्ट चालतील. १०० च्या वर असेल तर पॉटला हात लावू नका, सिग्नलच्या वाटेने मागे जात कपलिंग कंडेन्सर (सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा) गाठा. १० मायक्रोफॅरडच्या जागी १ मायक्रोफॅरडचा फिल्म कंडेन्सर बसतो. समोरचा भार १० के इतका कमी धरला तरी कटऑफ (ज्याच्या खाली आवाज उतरत जातो ती हद्द) १६ हर्ट्झवर येतो आणि गिटारची जाड ई तार ८२ हर्ट्झची. फिल्म कंडेन्सर सुकत नाही, उलटसुलट बसवायची भीती नाही. बेस गिटार वाजवत असाल तर २.२ घ्या.

डीसी नसेल तर अँप बंद करून नॉब हलकेच आडवा दाबून बघा. पॉट थेट बोर्डावर सोल्डर केलेला असेल तर नॉबला बसलेल्या धक्क्यांनी पिनेभोवती बारीक गोल चीर पडते, भिंगातून स्पष्ट दिसते. जुनं सोल्डर काढून नवं मारा, नुसतं वरून तापवू नका. तेही ठीक असेल तर पॉटच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनर मारून या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे नको, त्यावर धूळ बसते आणि काही महिन्यांत खरखर दुप्पट. एवढं करूनही ‘ठक्’ राहिला तर ट्रॅक झिजलाय. पॉट सोडवून मधली आणि कडेची पिन काट्याच्या मीटरवर लावा आणि सावकाश फिरवा. काटा जिथे उडी मारेल तिथे ट्रॅक गेलाय. डिजिटल मीटर ही उडी चुकवतं.

बदलायचाच असेल तर जुना पॉट खिशात घालून बुधवार पेठेत जा, पासोड्या विठोबाजवळ किंवा तापकीर गल्लीत. शाफ्ट डी आकाराचा की दातेरी, पिनांमधलं अंतर, बी की ए, हे तिन्ही जुळवूनच घ्या. जमलंच तर ऑपअँपच्या आउटपुट आणि उणे इनपुटमध्ये २.२ मेगचा रेझिस्टर टाका. संपर्क उचलला गेला तरी ऑपअँप चिकटणार नाही आणि टोनमधला फरक कानाला कळणार नाही.

हे सगळं ट्रान्झिस्टर अँपबद्दल. मीटर लावताना अँप चालू असतो, तेव्हा मेन्सच्या बाजूला हात नेऊ नका. व्हॉल्व्ह अँपचं गणित वेगळं. तिथे टोन नॉब निकामी होऊन आवाज अचानक वाढला तर मिडच्या पॉटचं ग्राउंड सुटलंय का ते आधी बघा. बेस आणि मिड दोन्ही गेले, नुसता पातळ ट्रेबल उरला, तर स्लोप रेझिस्टर (बेस आणि मिडकडे सिग्नल नेणारा) ओपन, म्हणजे तुटलेला आहे, फेंडर पद्धतीत १०० के, मार्शलमध्ये ३३ किंवा ५६ के. पण त्यात फिल्टर कंडेन्सरवर ४०० व्होल्ट किंवा त्याहून जास्त चार्ज प्लग काढल्यावरही टिकतो. १० के, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून तो उतरवून, १० व्होल्टच्या खाली आल्याचं मीटरवर बघितल्याशिवाय आत बोट घालू नका.