फाइल टाकली म्हणजे मुक्काम वाढला असं नाही : कॅनडातल्या जोडीदार-स्पॉन्सरशिपची प्रश्नोत्तरे

बायको किंवा नवरा व्हिजिटर म्हणून कॅनडात आला आहे, इथल्या जोडीदाराने पीआरसाठी, म्हणजे कायम राहण्याच्या हक्कासाठी, स्पॉन्सरशिपची फाइल टाकली आहे किंवा टाकायच्या विचारात आहे, आणि मधेच सहा महिने संपत आले आहेत. मला येणारी बहुतेक पत्रं या एकाच गाठीशी अडलेली असतात. म्हणून या वेळी सगळी उत्तरं त्याच विषयावर देतो आहे. ती सर्वसाधारण माहिती म्हणून वाचा. तुमच्या फाइलमध्ये एखादी तारीख वेगळी असली तरी उत्तर बदलू शकतं.

पासपोर्टवरचा व्हिसा २०३१ पर्यंत आहे. मग सहा महिन्यांनी एक्स्टेन्शन कशासाठी?

कारण व्हिसा दारापर्यंत येण्यासाठी असतो. आत किती दिवस राहायचं, ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. पासपोर्टमधला शिक्का नीट बघा. शिक्क्यावर पेनाने तारीख लिहिली असेल तर तीच तुमची शेवटची तारीख. काही लिहिलं नसेल, किंवा यंत्रावरून आत आल्यामुळे शिक्काच नसेल, तर आल्या दिवसापासून सहा महिने. अधिकाऱ्याने वेगळा कागद, म्हणजे व्हिजिटर रेकॉर्ड, हातात दिला असेल तर त्यावरची तारीख धरायची. २०३१ चा या हिशेबाशी संबंध नाही.

नवऱ्याने नोव्हेंबरात स्पॉन्सरशिपची फाइल ऑनलाइन भरली, एओआरही आला. माझे सहा महिने जानेवारीत संपतात. नवरा म्हणतो, फाइल चालू असताना कुणी हाकलत नाही, एक्स्टेन्शनचे शंभर डॉलर कशाला घालवायचे?

ते शंभर डॉलर भरा. हे वाक्य मी इतक्या जणांना सांगितलं आहे, तरी महिन्याभरात पुन्हा तेच पत्र येतं. त्यामुळे आज सविस्तर लिहितो.

एओआर ही पोच आहे. फाइल मिळाली, तिला नंबर पडला, एवढंच ती सांगते. इथे राहण्याची परवानगी तिच्यात नाही. पीआरचा अर्ज आणि तुमचं व्हिजिटर स्टेटस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक चालू असली म्हणून दुसरी आपोआप पुढे सरकत नाही. स्टेटस वाढवायचं तर त्याचा वेगळा अर्ज करावा लागतो. आयएमएम ५७०८ हा त्याचा फॉर्म, फी शंभर डॉलर, आणि मुदत संपण्याच्या किमान ३० दिवस आधी तो करा असं इमिग्रेशन खातं स्वतःच सांगतं.

वेळेत अर्ज केला की निर्णय येईपर्यंत तुमचं स्टेटस टिकून राहतं. पूर्वी याला इम्प्लाइड स्टेटस म्हणत, आता मेंटेन्ड स्टेटस म्हणतात. निकाल जानेवारीनंतर तीन महिन्यांनी आला तरी मधले तीन महिने तुम्ही कायदेशीर असता. मात्र हे कॅनडात राहिलात तरच. अर्ज प्रलंबित असताना देश सोडलात तर ते संरक्षण सुटतं आणि परत येताना सगळं नव्याने सिद्ध करावं लागतं.

‘कुणी हाकलत नाही’ ही अर्धवट ऐकलेली गोष्ट आहे. २००५ पासून एक सार्वजनिक धोरण आहे. इथल्या जोडीदारासोबत राहणाऱ्या आणि स्टेटस गेलेल्या माणसाचा कॅनडातून केलेला अर्ज त्यानुसार केवळ स्टेटस नाही म्हणून फेटाळला जात नाही. ज्यांचा पाय घसरला आहे त्यांच्यासाठी ती सवलत आहे. ती स्टेटस देत नाही. तिच्या भरवशावर मुद्दाम मुदत बुडवणं मला अजिबात मान्य नाही. गुन्ह्याची नोंद किंवा खोटी माहिती यांना ती लागू होत नाही. शिवाय मुदत बुडाली आणि रिस्टोरेशनचे, म्हणजे गेलेलं स्टेटस परत मागण्याचे, दिवसही निघून गेले की ओपन वर्क परमिटचा (कोणत्याही मालकाकडे काम करू देणाऱ्या परवान्याचा) रस्ता अवघड होतो, आणि तो परमिट तुम्हाला पुढे हवाच असणार.

गेल्या वर्षी एक जोडपं माझ्याकडे आलं. मुलीच्या हातात निळी फाइल होती, लग्नाच्या फोटोंपासून वीजबिलापर्यंत सगळं क्रमाने लावलेलं. एकाच फॉर्मवर सही राहिली होती. त्या एका सहीपायी पूर्ण फाइल परत आली, तीही जवळपास दोन महिन्यांनी. परत आलेली फाइल म्हणजे अर्ज केलाच नव्हता असा हिशेब. तोवर तिची व्हिजिटरची मुदत संपून तेवीस दिवस झाले होते. एक्स्टेन्शन भरलेलं असतं तर सही करून फाइल पुन्हा पाठवायची, एवढंच काम उरलं असतं. त्याऐवजी आम्ही कॅलेंडरवर दिवस मोजत बसलो.

तुमचा एओआर आलेला आहे, ही जमेची बाजू आहे. तुम्ही नवऱ्याच्या पत्त्यावरच राहत असाल तर ओपन वर्क परमिटचा अर्ज आताच, जानेवारीच्या आत करता येईल. त्याच्या फीचे दोन्ही भाग धरून २५५ डॉलर होतात. मुदतीत केलेला हा अर्जही मुक्काम वाढवण्याचा अर्ज धरला जातो, त्यामुळे तुमच्या बाबतीत शंभरऐवजी हाच भरणं शहाणपणाचं ठरू शकेल. परमिट हातात येईपर्यंत काम मात्र करायचं नाही. एओआर आलेला नसेल त्यांनी वाट न बघता व्हिजिटर एक्स्टेन्शन टाकावं. सोबतच्या पत्रात स्पॉन्सरशिपचा अर्ज लपवू नका. कायमचं राहण्याची इच्छा असलेला माणूस तात्पुरता पाहुणाही असू शकतो, हे इमिग्रेशन कायद्याच्या कलम २२ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. खर्च कोण करणार, राहणार कुठे, किती काळ हवा आहे, हे साध्या भाषेत लिहा आणि नवऱ्याच्या बँकेचे कागद जोडा. दोन्हींपैकी कोणता अर्ज करायचा हे तारखांवर ठरतं, म्हणून परवानाधारक माणसाला एकदा सगळे कागद दाखवा. पण डिसेंबर उजाडायच्या आत.

मेहुणे म्हणतात, नायगाराच्या पुलावरून अमेरिकेत जाऊन आलं की नवे सहा महिने मिळतात.

मिळतातच असं नाही. सीमेवरचा अधिकारी जुनी तारीख कायम ठेवू शकतो, कमी दिवस देऊ शकतो किंवा आत घ्यायलाच नकार देऊ शकतो. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा लागतो, हेही मेहुण्यांनी सांगितलं नसेल. सीमेवर जाऊन तिथल्या तिथे वर्क परमिट घेण्याची सोयही २३ डिसेंबर २०२४ पासून बंद आहे. जुन्या ऐकीव युक्त्यांवर संसार पणाला लावू नका.

इनलँड करू की आउटलँड? मी सध्या मिसिसॉगात नवऱ्याकडे आहे, पण नाशिकला आईची तब्येत बरी नसते.

आईची तब्येत हा इथे सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. तो तुम्ही लिहिलात हे बरं केलंत.

इनलँड म्हणजे कॅनडात सोबत राहणाऱ्या जोडीदारासाठीचा अर्ज, आउटलँड म्हणजे मुळात कॅनडाबाहेरच्या जोडीदारासाठीचा. इनलँडमध्ये जोडीदारासोबत कॅनडात राहणं ही अटच आहे. मधे भारतात जावं लागलं आणि परत येताना अडवलं गेलं तर फाइल धोक्यात येते. आणि नकार आला तर अपील नाही, फक्त फेडरल कोर्टाचा रस्ता उरतो. आउटलँडमध्ये जा-ये केल्याने फाइल मोडत नाही आणि नकार आला तर स्पॉन्सरला इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे जाता येतं. आउटलँड म्हणजे तुम्ही कॅनडाबाहेरच असलं पाहिजे, हा समज चुकीचा आहे. इथे राहूनही तो अर्ज करता येतो, आणि २०२३ पासून असा अर्ज केलेल्या, पण कॅनडात जोडीदाराजवळ राहणाऱ्यांनाही ओपन वर्क परमिट मागता येतो. मुलाखत लागलीच तर ती भारतात असू शकते, एवढं मनात धरा.

तुम्ही लिहिलं आहे त्यावरून माझा कल आउटलँडकडे आहे. तरी फाइल न बघता मी ठाम सांगणार नाही. व्हिसा मल्टिपल आहे का, आधी कधी नकार आला आहे का, हे बघूनच ठरवावं लागेल. क्यूबेकमध्ये राहणाऱ्यांनी तर आधी त्या प्रांताचे वेगळे नियम तपासल्याशिवाय पाऊल उचलू नये.

माझी मुदत संपून ४० दिवस झाले. आता?

उरलेले ५० दिवस आजपासून मोजा. स्टेटस गेल्यापासून ९० दिवसांच्या आत रिस्टोरेशनचा अर्ज करता येतो. त्याची फी एक्स्टेन्शनपेक्षा जास्त असते, आणि मुदत का हुकली याचं खरं कारण लिहावं लागतं. अर्ज मंजूर होईल याची हमी नाही. या आठवड्यात वकिलाला भेटा. माझ्या पुढच्या उत्तराची वाट बघू नका.

ओळखीच्या बाईंच्या डेकेअरमध्ये रोख पैशावर थोडं काम केलं तर चालेल का?

नाही. फुकट केलं तरी, जे काम इथला माणूस पगारावर करतो ते काम धरलं जातं. सहा महिन्यांपर्यंतचा एखादा कोर्स मात्र व्हिजिटरला स्टडी परमिटशिवाय करता येतो. इंग्रजीचा वर्ग लावा.

आमचं रजिस्टर लग्न फेब्रुवारीत झालं, विधिवत लग्न डिसेंबरात व्हायचं होतं. मधे व्हिजिटर व्हिसा काढताना पुण्याच्या एजंटने फॉर्ममध्ये ‘अविवाहित’ लिहिलं. म्हणाला, सात फेरे झाले नाहीत तोवर लग्न नाहीच, आणि लग्न दाखवलं तर व्हिसा मिळत नाही. आता स्पॉन्सरशिपमध्ये फेब्रुवारीची तारीख लिहिली तर काही होईल का?

होऊ शकतं, आणि ते गंभीर आहे. नोंदणी झाली त्या दिवशी कायद्याने तुमचं लग्न झालं. अंतरपाट, मंगलाष्टकं, हॉल, जेवणावळ हे सगळं नंतर झालं तरी कायद्याची तारीख फेब्रुवारीचीच. व्हिसाच्या फॉर्मवर चुकीची वैवाहिक स्थिती गेली असेल तर ती कलम ४० खाली खोटी माहिती धरली जाऊ शकते, आणि त्याची शिक्षा पाच वर्षांची बंदी आहे. फॉर्म एजंटने भरला असला तरी त्याखाली सही तुमची असते.

आता दुसरं खोटं लिहून पहिलं झाकू नका. डिसेंबरची तारीख टाकू नका. नोंदणीचं प्रमाणपत्र त्यांच्या हातात पडणारच आहे. स्पॉन्सरशिप भरायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला जुना व्हिसा अर्ज आणि प्रमाणपत्र दोन्ही दाखवा. चूक आपणहून कशी आणि कधी सांगायची, याचा सल्ला वकिलानेच द्यायला हवा.

त्या एजंटबद्दलही लिहितो. पैसे घेऊन कॅनडाच्या इमिग्रेशनचा सल्ला देणारा माणूस पुण्यात बसलेला असो की ब्रॅम्प्टनमध्ये, तो कॉलेज ऑफ इमिग्रेशन ॲण्ड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या सल्लागारांच्या नियामक संस्थेचा सभासद हवा किंवा इथल्या एखाद्या प्रांताचा परवानाधारक वकील. कॉलेजची यादी ऑनलाइन फुकट बघता येते. नंबर मागा, नाव शोधा, दोन मिनिटांचं काम आहे. ‘तुमच्या नावानेच भरतो, माझं नाव कुठे यायला नको,’ असं जो म्हणतो, त्याने आयएमएम ५४७६ या प्रतिनिधीच्या फॉर्मवर सही केलेली नसते. उद्या गडबड झाली तर तो कागदावर कुठेच सापडत नाही. अर्जाचा ईमेल आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवतो, तुम्हाला भरलेला अर्ज दाखवत नाही, शंभर टक्के हमी देतो, ही सगळी तिथून उठण्याची कारणं आहेत. हमी कुणीच देऊ शकत नाही.

नवरा म्हणतो, पीआर मिळाल्यावर दोन वर्षं माझ्यासोबत राहिली नाहीस तर कार्ड जाईल. फाइल अजून चालू आहे. पासपोर्ट त्याच्याकडे असतो. काय करू?

ताई, आधी नियम सांगतो. दोन वर्षं एकत्र राहण्याची अट २०१२ मध्ये आली होती आणि एप्रिल २०१७ मध्ये रद्द झाली. पीआर मिळाल्यावर वेगळं राहिल्याने कार्ड जात नाही. उलट स्पॉन्सरने दिलेली जबाबदारीची हमी तीन वर्षं त्याच्यावर राहते, नातं तुटलं तरी. मात्र पीआर मिळेपर्यंत तो स्पॉन्सरशिप मागे घेऊ शकतो हे खरं आहे, आणि त्याचीच भीती घालून बायकांना गप्प ठेवलं जातं.

घरात मारहाण, धमक्या, पैसे अडवणं किंवा कोंडून ठेवणं असं काही असेल तर तुमच्यासाठी वेगळा रस्ता आहे. जुलै २०१९ पासून कौटुंबिक हिंसाचार सोसणाऱ्यांना तात्पुरता रहिवासी परवाना मागता येतो. पहिल्या परवान्याची फी नाही. त्यासोबत वर्क परमिट मागता येतो आणि तात्पुरती आरोग्यसेवाही मिळू शकते. लगेच धोका वाटला तर ९११. निवारा आणि मोफत कायदेशीर मदत कुठे मिळेल हे २११ वर विचारता येतं, दुभाषाही मागता येतो. तुमचा पासपोर्ट तुमच्याकडेच हवा. तो मिळत नसेल तर निदान सगळ्या पानांचे फोटो नवऱ्याला माहीत नसलेल्या ईमेलवर पाठवून ठेवा. मला पुन्हा लिहाल तेही त्याच ईमेलवरून. आणि वकिलाला भेटायला त्याच्यासोबत जाऊ नका, एकट्या जा.

आमचं लग्न व्हिडिओ कॉलवर लागलं. नवरा टोरांटोत, मी सांगलीत. चालेल?

लग्न म्हणून नाही. जून २०१५ पासून एकजण हजर नसलेलं लग्न इमिग्रेशनसाठी धरलं जात नाही. दोघांनी एका जागी हजर राहून, नोंदणी करून लग्न करा, मग फाइल टाका. कागदपत्र फक्त मराठीत मिळालं तर भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडून घ्या. घरच्या माणसाने केलेलं चालत नाही.

बायकोसाठी सुपर व्हिसा काढता येईल का?

नाही. तो आईवडील आणि आजीआजोबांसाठी आहे.

माझा पासपोर्ट पाच महिन्यांत संपतो. एक्स्टेन्शन एक वर्षाचं मागू का?

मागून उपयोग नाही. पासपोर्टच्या पुढची तारीख मिळत नाही. आधी भारतीय वकिलातीकडे नूतनीकरणाचा अर्ज करा. नवा पासपोर्ट व्हिजिटरची मुदत संपण्याआधी येणार नसेल तर जुन्यावरच एक्स्टेन्शन भरा आणि नूतनीकरणाची पावती जोडा. लग्नानंतर नाव बदलायचं ठरवत असाल तर स्पॉन्सरशिपच्या फॉर्मवर कोणतं नाव जाणार, हे आधी नक्की करा. अर्ध्या कागदांवर माहेरचं आणि अर्ध्यांवर सासरचं आडनाव असलं की प्रश्नांची पत्रं येतात आणि फाइल रखडते.