केशर म्हणजे पराग नव्हे!

प्रश्न आलाय : पुंकेसर-स्त्रीकेसर (फुलातले नर आणि मादी अवयव) यांतला ‘केसर’ आणि श्रीखंडातलं केशर एकच का? आणि केशर म्हणजे फुलातले पराग ना?

पराग? नाही हो, नाही! श्रीखंडाच्या डब्यापासून पाककृतींच्या व्हिडिओंपर्यंत हे ‘केशराचे पराग’ ऐकून कान किटले. पराग म्हणजे भुकटी. केशराची काडी ही कुक्षी, म्हणजे स्त्रीकेसराचं टोक. काश्मीरातल्या पांपोरच्या त्या जांभळ्या फुलात लाल काड्या तीन आणि पिवळे पुंकेसरही तीनच. आपण घेतो त्या काड्या, पराग राहतात त्या पिवळ्यांपाशी. त्यांचा झाडालाही उपयोग नाही, कारण केशराला बी धरत नाही. कंद लावूनच ते वाढवतात.

आता खरी गंमत. संस्कृतात केसर म्हणजे आयाळ. आयाळ असलेला तो केसरी; टिळकांचा १८८१ चा ‘केसरी’ म्हणजे हाच सिंह, केशरी रंगाशी त्याचा संबंध नाही. फुलातले तंतूही केसांसारखे, म्हणून तेही केसर. ‘के’ म्हणजे डोक्यावर ‘सरणारे’ अशी फोड करणारे पंडित भेटतात. ती फोड व्युत्पत्ती नव्हे, कोडं आहे. मला विचाराल तर केस (संस्कृतातला केश), केसर आणि लॅटिनमधला ‘कैसारिएस’ (केशसंभार) ही एकाच घरची भावंडं. केशातला ‘श’ आणि केसरातला ‘स’ यांवर बोट ठेवून काही भाषाशास्त्री हे नातं नाकारतात. खुशाल नाकारोत. त्यांनी एकदा मक्याचं कणीस सोलावं.

कणसाच्या शेंड्याला लोंबतात त्यांना आपण काय म्हणतो? केस! आणि ते खरोखरच स्त्रीकेसराचे तंतू आहेत. एक केस, एक दाणा. वरच्या तुऱ्यातून उडालेला परागकण केसावर चिकटला की त्यातून नळी फुटते आणि केसाच्या आतून थेट बीजांडापर्यंत, म्हणजे दाणा धरतो तिथपर्यंत उतरते. नळीतून दोन नरयुग्मकं, म्हणजे नरपेशी जातात : एकापासून अंकुर, दुसऱ्यापासून आपण भाजून खातो तो पिठूळ भाग. ज्या केसाला पराग मिळाला नाही, त्याचा दाणा भरत नाही. कणीस मध्येच बोळकं दिसतं. पाठ्यपुस्तकांनी जायांग-पुमंग (फुलाचा मादी भाग, नर भाग) करत जे पानभर समजावलं, ते शेतातल्या माणसाने ‘केस’ या दोन अक्षरांत कधीच सांगून टाकलं होतं.

राहिलं ‘स’ की ‘श’. शब्द एकच; संस्कृतात केसर आणि केशर दोन्ही चालतात. मराठीने मसाल्याला केशर आणि फुलातल्या अवयवाला केसर अशी वाटणी केली आहे, ती पाळावी.