घरातल्या प्रयोगशाळेवर देखरेख कोणाची?

प्रश्न : आमच्या गावातील बी.एस्सी. झालेली काही मुले मागच्या खोलीत उकडलेल्या ज्वारीवर ट्रायकोडर्मा वाढवून शेतकऱ्यांना देतात. आता त्यांना जिवाणूंची जनुके बदलण्याचा किट ऑनलाइन मागवायचा आहे. त्यांच्यावर देखरेख कोणी ठेवायची?
– एक शिक्षक, आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : या दोन्ही कामांना एकच माप लावता येणार नाही. ट्रायकोडर्मा ही मातीतलीच, पिकांना रोग लावणाऱ्या बुरशींना रोखणारी बुरशी. ती स्वतःच्या शेतापुरती वाढवण्यात गैर काही नाही, मात्र विक्री सुरू झाली की कीटकनाशक अधिनियम, १९६८ नुसार नोंदणी लागते. ज्वारीवर हिरव्याऐवजी काळी बुरशी आली, तर ती पिशवी उघडून वास घेऊ नये, कारण अ‍ॅस्परजिलससारख्या काळ्या बुरशीचे बीजाणू फुप्फुसांना घातक ठरू शकतात. ती प्रेशर कुकरमध्ये वाफवून मगच पुरावी, आणि तो कुकर पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

जनुके बदलण्याचे काम मात्र पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखालील १९८९ च्या नियमांत येते. असे जीव तयार करणे, साठवणे, आयात करणे यांसाठी मंजुरी लागते आणि संशोधन संस्थात्मक जैवसुरक्षा समितीच्या नजरेखाली व्हावे लागते; घरच्या खोलीत ही सोय नसते. याच नियमांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीचीही तरतूद आहे.

हा केवळ कागदी सोपस्कार नव्हे, हे विदर्भाला वेगळे सांगायला नको. जनुके बदललेल्या बीटी कापसाला २००२ मध्ये मान्यता मिळाली ती चाचण्यांनंतर. तणनाशक सहन करणाऱ्या कापसाला मान्यता नसतानाही त्याचे बेकायदा बियाणे, म्हणजे ‘चोरबीटी’, गावोगावी पोहोचले, आणि ज्या शेतकऱ्याच्या हाती बियाण्याचे बिलच नाही, त्याने उगवण झाली नाही म्हणून कोणाकडे दाद मागायची?

मुलांपैकी कोणी स्वतःच्या शरीरावर प्रयोग करू म्हणत असेल, तर त्याला ठामपणे थांबवावे. अमेरिकेत घरच्या घरी जैवप्रयोग करणारे जोसाया झेनर यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे स्वतःला क्रिस्पर या जनुके बदलण्याच्या तंत्राचे इंजेक्शन टोचून घेतले. अशा अनुकरणातून कोणाला तरी इजा होईल, ही भीती पुढच्याच वर्षी त्यांनीच बोलून दाखवली.

तरीही या मुलांना नुसते दटावणे मला अन्यायाचे वाटते. युरोप आणि उत्तर अमेरिकेतील हौशी जीवशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये स्वतःहून आचारसंहिता लिहिल्या आणि त्यांत पारदर्शकतेला व सुरक्षिततेला स्थान दिले. तुमच्या मुलांनीही काय वाढवले, कोणाला दिले, काय नष्ट केले याची मराठीत वही ठेवावी, ती शेजाऱ्यांना आणि शेतकऱ्यांना पाहू द्यावी. किट मागवण्याआधी हीच वही घेऊन त्यांना अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापकांकडे न्यावे आणि जनुकांचे काम रीतसर कोणत्या संस्थेत शिकता येईल, हे विचारावे.