डाळिंबाच्या सालीतून पॉलिफेनॉल काढायला नुसतं पाणी चालेल का?

चालतं, पण गाळताना जीव जातो. गरम पाण्यात सालीतलं पेक्टिनही (जेलीसारखा चिकट पदार्थ) उतरतं आणि अर्क बुळबुळीत होतो. निम्मं पाणी, निम्मं इथेनॉल घ्या. पेक्टिन बरंचसं चोथ्यातच राहतं आणि प्युनिकॅलॅजिनसारखी टॅनिनं, म्हणजे सालीतली तुरट पॉलिफेनॉलं, नीट विरघळतात. निव्वळ इथेनॉल मात्र नको, त्यात ही टॅनिनं कमी उतरतात.

साल ताजी असतानाच पातळ पसरून 50 अंश सेल्सिअसच्या आसपास वाळवा. ओली साल ढीग घालून ठेवली की एन्झाइममुळे तपकिरी पडते, म्हणजे हवं तेच गेलं. दळताना रव्याइतकी भरड ठेवा. अगदी बारीक पूड फिल्टर पेपर चोंदवते.

100 ग्रॅम पूड, दीड लिटर द्रावण, 50 अंश, तासभर ढवळणं. भांड्यावर झाकण हवंच, नाहीतर इथेनॉल उडून प्रमाण बिघडतं. आधी मलमलीतून, मग फिल्टर पेपरातून गाळा. नंतर रोटरी इव्हॅपोरेटरवर कमी दाबाखाली इथेनॉल काढून घ्या. गॅसच्या ज्योतीवर आटवणं म्हणजे आगीला आमंत्रण, शिवाय जास्त उष्णतेने प्युनिकॅलॅजिन तुटून एलॅजिक आम्ल तयार होतं आणि तळाशी गाळ बसतो.

भांडं काचेचं किंवा स्टेनलेस स्टीलचं. लोखंडी कढईत टॅनिनचा लोहाशी संयोग होऊन सगळा अर्क काळा पडतो.

एकूण पॉलिफेनॉल मोजणाऱ्या फोलिन-सिओकाल्टो चाचणीत आकडा मोठा आला म्हणून हुरळू नका, त्यात क जीवनसत्त्वही मोजलं जातं. प्युनिकॅलॅजिन नेमकं किती, ते एचपीएलसीवरच (घटक वेगवेगळे करून मोजणारं यंत्र) कळेल.