पाव : पायाचा नाही आणि पावशेराचाही नाही

प्रश्न असा आहे : 'पावाची कणीक पायांनी तुडवत, म्हणून त्याला पाव म्हणतात हे खरं का? काही जण सांगतात की मोठ्या रोटीचा चौथा हिस्सा, म्हणून पाव. यातलं बरोबर काय?'

यातलं काहीच बरोबर नाही. पाव हा पोर्तुगीज शब्द आहे. त्या भाषेत भट्टीतल्या रोटीला जे म्हणतात त्याचा उच्चार साधारण 'पाउं' असा होतो, शेवट नाकातून. मूळ लॅटिन 'पानिस'. स्पॅनिशमधलं 'पान' आणि इटालियनमधलं 'पाने' ही त्याचीच भावंडं. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं, 1534 मध्ये वसई त्यांच्याकडे गेली आणि चिमाजी आप्पांनी ती 1739 मध्ये जिंकून घेईपर्यंत उत्तर कोकणच्या मोठ्या पट्ट्यावर त्यांचा अंमल होता. आपल्याकडे भाकरी होती, पोळी होती, पण आंबवून फुगवलेली, भट्टीत भाजलेली गव्हाची रोटी या किनाऱ्याला नवी होती. गोव्यात ती फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी, वापरू लागले. वस्तू नवी होती, तिच्याबरोबर नावही आलं. भाजणाऱ्याचं नावसुद्धा तिथलंच : कोकणीतला 'पोदेर' हा पोर्तुगीज 'पादेइरु'.

'पाउं'चा 'पाव' होतो कशावरून, असं कोणी विचारलं तर मी 'लिलाव' हा शब्द पुढे करतो. तोही पोर्तुगीज. त्याचा मूळ उच्चार 'लेइलाउं', शेवट अगदी तसाच नाकातला. मराठीत आल्यावर अनुनासिक गळालं आणि शेवटी स्वच्छ 'आव' राहिला. एका ठेवणीचे दोन शब्द एकाच भाषेतून आले आणि दोघांचं एकाच तऱ्हेने मराठीकरण झालं. व्युत्पत्तीत मला असा पुरावा सर्वांत जास्त भावतो. नुसतं ध्वनिसाम्य कुठेही सापडतं, पण बदलाची रीत जुळली की शंकेला जागा उरत नाही.

तरीही मन मानत नसेल तर जपानकडे बघा. पोर्तुगीज 1543 मध्ये तिथे पोचले आणि जपानी माणूस आजही ब्रेडला 'पान' म्हणतो. श्रीलंकेत सिंहली भाषेतही 'पान्'च. तिथे ना आपला पाय, ना आपला पावशेर. हिंदी-बंगालीतल्या 'पावरोटी' किंवा 'पाउरुटी'त तर परका शब्द लोकांना कळावा म्हणून घरचा 'रोटी' शेजारी बसवला आहे, म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे.

आता पायाची गोष्ट. मोठ्या घाण्याची कणीक पायांनी मळण्याची पद्धत जगात होती. इजिप्तचे लोक कणीक पायांनी आणि चिखल हातांनी मळतात, असं प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनेच लिहून ठेवलं आहे. पण म्हणून नाव तिथून आलं असं होत नाही. 'पाँव' हा हिंदी शब्द. कोकणातल्या माणसाने पायावरून नाव ठेवलं असतं तर त्यात 'पाय' दिसला असता. चौथ्या हिश्श्याचा 'पाव' मात्र अस्सल आपला, संस्कृत 'पाद'पासूनचा. त्याचं कुटुंब मोठं गोड आहे : पादाने ऊन म्हणजे कमी ते पाऊण, पादासहित ते सव्वा. आपला 'पाय'ही त्याच 'पादा'चा. म्हणजे लोकांनी सांगितलेल्या दोन्ही कथा शेवटी एकाच शब्दाशी जाऊन मिळतात आणि भट्टीतला पाव तेवढा बाहेर राहतो.

पायाची गोष्ट इतकी का टिकली, याबद्दल माझं एक मत आहे. पाव हे दीर्घकाळ ख्रिस्ती आणि मुसलमान भट्टीवाल्यांचं अन्न मानलं जाई, आणि सोवळ्या घरात ते निषिद्ध होतं. किती निषिद्ध? 1849 मध्ये मुंबईत जातिभेद मोडण्यासाठी परमहंस सभा स्थापन झाली, तिच्या बैठका गुप्तपणे चालत. सभासद होणाऱ्याला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. एक तुकडा तोंडात घातला की जात गेली, इतकं त्या घासाचं वजन होतं. ज्या पदार्थाबद्दल मनात एवढी अढी, त्याच्या नावातही पाय दिसू लागला तर नवल नाही. भट्टीपाशी पहाटेपासून राबणाऱ्यांवर हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. निदान शब्दाचं मूळ ठाऊक असणाऱ्यांनी तरी ही गोष्ट पुढे सांगू नये.

वडापावाबद्दलही विचारलं आहे, म्हणून थोडक्यात. 'वडा' संस्कृत 'वटक'पासून. त्याच्या पोटातला 'बटाटा' पोर्तुगीज, 'पाव'ही पोर्तुगीज. सोबतची मिरचीही पोर्तुगीजांबरोबरच आली, पण तिला नाव आपल्या मिऱ्यावरून मिळालं, कारण तिखटाची ओळख आपल्याला आधीपासून होती. आणि इंग्रजीतून 'ब्रेड' आला तेव्हा मराठीने दोघांना कामं वाटून दिली : चौकोनी, कापलेला तो ब्रेड, लादीतून तोडून घ्यायचा तो पाव. पोर्तुगीज माणूस मात्र या दोन्हींना आजही एकाच नावाने हाक मारतो.