डिट-डा डोक्यात बसेना!

प्रश्न: मी फोंड्याचा, वय ४६. हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, खालच्या ग्रेडचं रिस्ट्रिक्टेड लायसन्स आहे, आता वरच्या जनरल ग्रेडसाठी मोर्स कोड, म्हणजे छोट्या 'डिट' (टिंब) नि लांब 'डा' (रेघ) आवाजांनी बनलेली अक्षरं, शिकतोय. कुठल्या अक्षराला कुठली टिंब-रेघ हा तक्ता अख्खा पाठ आहे पण कानावर पडलं की पहिलं अक्षर ओळखेपर्यंत पुढची दोन निघून जातात. वय झालं म्हणायचं का?

उत्तर: वयाचं काही नाही हो दादा, घोळ त्या तक्त्याचा आहे. तुम्ही आवाज ऐकता, मग डोक्यात टिंब-रेघा काढता, मग तक्त्यात शोधता, एवढा वेळ कोण देणार? मिनिटाला २० शब्दांच्या स्पीडला एक डिट फक्त ६० मिलिसेकंदांचा असतो! आपल्याकडे घुमट हे वाद्य शिकणारा पोरगा ठोके मोजत बसतो का, बोल तोंडाने म्हणतो ना, तसंच के म्हणजे 'डाडिडा', एम म्हणजे 'डाडा', बस. मोर्स शिकायच्या कॉख नावाच्या पद्धतीत याच दोन अक्षरांपासून सुरुवात करतात, ९० टक्के बरोबर आली की तिसरं घ्यायचं. अक्षर वाजवायचं १८-२० च्याच स्पीडने, फक्त दोन अक्षरांमधली गॅप वाढवायची, याला फार्न्सवर्थ म्हणतात. परीक्षेला मिनिटाला ८ शब्दच लागतात, पण तिथे अक्षरंही संथ वाजू शकतात म्हणून शेवटचे काही दिवस तसंही ऐका. रोज १५ मिनिटं, दोन वेळा. रविवारी चार तास बसून काही होत नाही, मी करून बसलोय. आणि सुटलं अक्षर तर सोडून द्या, कागदावर रेघ मारा नि पुढचं पकडा, मागचं आठवत बसलात की पुढची तीन गेलीच. तो तक्ता आधी भिंतीवरून काढा बघू.