सोसायटीत निरोगी वजनासाठी गट आणि अ‍ॅप सुरू करायचं आहे, आधी काय करू?

तुम्ही लिहिलंय की सोसायटी दोनशेच्या वर फ्लॅटची आहे, कमिटी थोडे पैसे द्यायला तयार आहे, भाचा फुकटात अ‍ॅप बनवून देतो म्हणतोय, आणि आधी अ‍ॅप की आधी गट हे ठरत नाहीये. आधी गट. अ‍ॅपचं नंतर बघा, कदाचित लागणारही नाही. मी आहारतज्ज्ञ आहे, नाशिकला सिडकोत सहा वर्षं असा गट चालवतेय. आमचीही सुरुवात अ‍ॅपनेच झाली होती, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अ‍ॅप दिसायला झकास होतं. दिवसभरात काय खाल्लं ते भरायचं की कॅलरी समोर. पहिल्याच संध्याकाळी एक काकू फोन घेऊन आल्या. "यात पोळी एकच आहे. कुठली धरू? आमच्याकडे सकाळी घडीची असते तेल लावून, रात्री फुलके. आणि ह्यांना बाजरीची भाकरी लागते, ती तर यात नाहीच." मग वाटीचा प्रश्न निघाला. अ‍ॅपची वाटी दीडशे मिलीची, काकूंच्या घरात तीन मापांच्या वाट्या, आणि आमटी जाते ती थेट ताटातल्या भातावर. मी म्हटलं, अंदाजे टाका. त्या म्हणाल्या, अंदाजेच टाकायचं तर फोन कशाला?

दुसरी गोष्ट आमच्या लक्षातच आली नव्हती. इथले बरेच जण सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये काम करतात. 'आज चाललात का?' हा मेसेज रोज सकाळी आठला जायचा, म्हणजे रात्रपाळी करून माणूस नुकता आडवा झालेला असताना. तिसऱ्या आठवड्यात माहिती भरणारे बोटांवर मोजण्याइतके उरले.

मेसेजचा उपयोगच होत नाही असं मात्र समजू नका. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 537 नोकरदार पुरुषांवर दोन वर्षं प्रयोग केला, 2013 साली तो प्रसिद्ध झाला. सगळ्यांना सुरुवातीला सल्ला दिला, निम्म्यांना वर साधे एसएमएस. नुसता सल्ला मिळालेल्यांपैकी 27 टक्क्यांना मधुमेह झाला, एसएमएसवाल्यांपैकी 18 टक्क्यांना. स्मार्टफोन नाही, अ‍ॅप नाही. ते वाचल्यावर मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: तुम्हाला किती वाजता मेसेज आलेला चालेल? निम्म्या तक्रारी तिथेच मिटल्या.

आता गटाचं. पहिल्या रविवारी आम्ही क्लबहाऊसच्या मधोमध काटा मांडला आणि आकडा मोठ्याने वाचत वहीत लिहायला लागलो. मूर्खपणा होता. "आज साडी जड आहे", "आत्ताच चहा झालाय", "पुढच्या वेळी करते". दोन बायका चपला न काढताच परत गेल्या. दुसऱ्या रविवारपासून काटा कोपऱ्यात, जुन्या चादरीच्या आडोशाला. एका वेळी एकच जण, आकडा फक्त त्याला आणि मला. हाच नियम फोनवरही पाळा. ग्रुपवर वजन टाकायचं नाही, कौतुक म्हणूनसुद्धा नाही. एकाच्या 'चार किलो उतरले' या मेसेजने दहा जण मुके होतात.

काट्यापेक्षा शिंप्याकडचा टेप जास्त कामाचा आहे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायचा, श्वास सोडल्यावर मोजायचं. आपल्याकडे पुरुषांना 90 आणि बायकांना 80 सेंटीमीटरच्या पुढे गेलं की सावध व्हायचं. बीएमआय, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, 23 च्या वर गेला की आपल्या लोकांत वजन जास्त धरतात आणि 25 ला लठ्ठपणा. पाश्चात्त्य तक्त्यात हेच आकडे 25 आणि 30 असतात, म्हणून भाच्याने परदेशी तक्ता उचलला असेल तर आधी तो बदलायला लावा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी असलेला एक फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. प्रत्येक नव्या तुकडीला मी हा किस्सा सांगते. मग 'मी कुठे जाड आहे' म्हणणारे बारीक काकाही गुपचूप टेप मागतात.

पण गट खरा मोडतो तो गणपती ते दिवाळी या काळात. वजन उतरलेल्या आठवड्यात कुणीच गट सोडत नाही. सोडतात ते वाढलेल्या आठवड्यात, आणि कुणी सांगून सोडत नाही. ग्रुपमधून बाहेरही पडत नाहीत, फक्त यायचे बंद होतात. पहिल्या वर्षी दिवाळीनंतरच्या रविवारी क्लबहाऊसमध्ये मी, काटा आणि वॉचमन. मला राग आला होता, ग्रुपवर टोमणाही मारला, त्याने उरलेले चार जण गेले. तेव्हापासून मी सगळी मांडणी उलटी केली. येणाऱ्यांचं बरं चाललेलं असतं. आपलं काम न येणाऱ्यासाठी असतं. सलग दोन रविवार कुणी दिसलं नाही की त्याच्याच विंगमधलं कुणीतरी फोन करतं, मी नाही. वजनाचा विषय काढायचा नाही. "वहिनी, तुमचा चकलीचा डबा माझ्याकडेच राहिलाय, रविवारी आणते खाली." डबा घ्यायला माणूस येतो. दिवाळीनंतरचा पहिला रविवार आम्ही बिनकाट्याचा ठेवतो, नुसता चहा. काटा कपाटात, कपाटाला कुलूप.

फोनवर आता एवढंच आहे: व्हॉट्सअ‍ॅपवर एक सूचनांचा ग्रुप, जिथे फक्त गट चालवणाऱ्या आम्ही दोघी लिहितो, आणि आठ-दहा जणांचे छोटे ग्रुप, विंगप्रमाणे. तिथे ताटाचा फोटो टाकायचा, कॅलरी नाही. ज्येष्ठांना टाइप करायचा कंटाळा, ते आवाजातच पाठवतात, आणि त्यात मागे कुकरच्या शिट्ट्यांसकट घरात काय चाललंय ते कळतं. सूचनांसाठी 'कम्युनिटी' वापरा, तिथल्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. आम्ही साधा ग्रुप केला होता. एक पाहुण्या सभासद आल्या, सगळे नंबर उतरवून घेतले आणि महिनाभर प्रत्येकाला वजन कमी करायची पावडर विकत बसल्या. तुमच्या भाच्याने पुढेमागे अ‍ॅप केलंच, तर लोकांची वजनं आणि शुगर त्यात साठणार. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, कशासाठी माहिती घेतोय ते सांगून संमती घेतल्याशिवाय हात लावू नका.

अशी पावडर विकणारे सकाळी क्लब भरवतात, ते मात्र एकदा बघून या. पावडर सोडा. पण रोज ठरल्या वेळी दार उघडं, नावाने हाक, आलेल्या माणसाला बसायला खुर्ची, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं जमतं. तसंच डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं. दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवायचं या त्यांच्या पद्धतीवर आमच्या क्षेत्रात वाद आहे आणि मीही ती सरसकट सुचवत नाही. पण ग्रुपमध्ये घेण्याआधी उपाशीपोटीचं इन्शुलिन आणि एचबीए1सीचा (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा) रिपोर्ट मागायची त्यांची शिस्त मला पटते. आम्ही ती पाळली नव्हती. दुसऱ्या वर्षी स्पर्धा ठेवली, महिन्यात कोण जास्त उतरवतं याची. शुगरची गोळी चालू असलेल्या एका गृहस्थांनी जिंकायच्या नादात रात्रीचं जेवण सोडलं, गोळी नाही सोडली. पहाटे घामाघूम होऊन पडले. मुलगी घरी होती म्हणून वेळेत साखर पोटात गेली. स्पर्धा त्या दिवसापासून बंद. मधुमेहाची औषधं घेणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांच्या आहारात डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलायचं नाही, हे फॉर्मवर पहिल्या ओळीत लिहा.

तुमच्या भागातल्या आशाताईंनाही बोलवा. तिशीच्या पुढच्या लोकांचा कंबरेच्या मापासकट एक फॉर्म त्या भरतातच, आणि जवळच्या आरोग्य मंदिरात शुगर-बीपी तपासायला कुणाला पाठवायचं हे त्यांना पाठ असतं. सोसायटीतल्या लोकांना सरकारी दवाखान्याचा संकोच वाटतो, तो आशाताई सोबत असल्या की जातो.

पहिल्या महिन्यात खाण्यावर काय करायचं? फक्त तेल मोजा. महिन्याला किती पिशव्या लागल्या, भागिले घरातली माणसं. माणशी अर्धा ते पाऊण लिटरपर्यंत ठीक. आमच्याकडे पहिल्यांदा मोजलं तेव्हा दीड लिटरवाली घरं निघाली आणि त्यांत सगळ्यात पुढे माझंच सासर होतं. तेलाचं बरं असं की त्यात कुणाच्या पोटाकडे बघावं लागत नाही, आणि स्वयंपाक करणारं माणूस आपसूक गटात येतं. सदस्य नवरा आणि फोडणी देणारी बायको, अशी विभागणी असेल तर काहीही हलत नाही.

खर्च म्हणाल तर चांगला काटा, दोन टेप, एक शंभर पानी वही. वहीत नाव, कंबर, वजन, औषधं, मेसेजची वेळ एवढे रकाने पाडा. आणि शेवटी एक रुंद रकाना ठेवा: 'शेवटचा फोन कुणी केला, कधी'. माझ्या वहीत आता त्याच रकान्यात सगळ्यात जास्त खाडाखोड असते.